वीट पुन्हा माती होत नाही!

दिवाळी सरली, भातकापणी आटोपली की शहापूर-मुरबाड भागातील कितीतरी कातकरी कुटुंबे भांडीकुंडी डोक्यावर घेऊन भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांची वाट धरतात. घेतलेली उचल फेडायची असते. भट्टीवरचे त्यांचे काम म्हणजे रसायनशास्त्राचा उघड्यावर चाललेला पाठच होय.

माती कालवून साच्याने विटा पाडतात आणि उन्हात वाळवतात. वाळलेली वीट कडक होते, तिचा रंगही फिका होतो. मग ही रासायनिक क्रिया झाली काय? मुळीच नाही! अवकाळी पावसाची एक सर आली की तिचा पुन्हा चिखल होतो. मातीतले पाणी तेवढे गेले होते. माती मातीच राहिली होती.

तीच वीट भट्टीत भाजली म्हणजे प्रथम उरलासुरला ओलावा वाफ होऊन जातो. पुढे सुमारे ५०० ते ६०० अंश सेल्सिअसला मातीच्या कणांत रासायनिक बंधाने जखडलेले पाणीही सुटते. उष्णता आणखी वाढली की लोहाच्या संयुगांपासून तांबडे ऑक्साइड बनते आणि वीट लाल होते. आता ती खुशाल पाण्यात बुडवा. चिखल होणार नाही! जुना पदार्थ जाऊन नवा तयार झाला, हीच रासायनिक क्रियेची खरी ओळख.

रंग पालटणे, उष्णता वा प्रकाश निघणे, वायूचे बुडबुडे, नवा वास, तळाशी बसणारा साका या तिच्या खुणा. पण खूण म्हणजे पुरावा नव्हे. चकली तेलात सोडताच उठणारे बुडबुडे निव्वळ वाफेचे. तिचा बदामी रंग आणि खमंग वास मात्र रासायनिक क्रियेचा. साखर चहात विरघळली तरी साखरच. कढईत करपली की ती साखर राहत नाही. सोड्यावर लिंबू पिळताच फसफसतो तो नवा वायू. म्हणून एक खूण पाहून थांबू नये. नवा पदार्थ झाला का, एवढे विचारावे.

भट्टीवर या प्रश्नाचे मोल फार. मजुरी बहुधा हजार विटांच्या हिशेबाने ठरते. भाजण्याआधीच पाऊस आला, तर साऱ्या कुटुंबाचे कष्ट चिखलात जातात. वेठबिगारी मोडणारा कायदा १९७६ साली झाला, तरी उचलीचा फास सगळ्यांचा सुटलेला नाही. आपल्या घराच्या भिंतीतली पक्की वीट पाहताना, ती पाडणाऱ्या हातांचीही आठवण असावी.