बघे का थांबतात, आणि कधी पुढे येतात

२७ जून २०२३ची सकाळ. पुण्याच्या सदाशिव पेठेत एक तरुण कोयता घेऊन कॉलेजमधल्या मुलीच्या मागे लागला होता. मुलगी जिवाच्या आकांतानं पळत होती. पेठेतला रस्ता, म्हणजे माणसांना तोटा नव्हता. स्पर्धा परीक्षेची तयारी करायला पुण्यात आलेल्या एका मुलानं पुढे होऊन तो कोयता धरला, आणखी एक जण धावला, आणि मुलगी वाचली. त्याच्या नऊच दिवस आधी, वेल्हे तालुक्यात राजगडाच्या पायथ्याशी एका तरुणीचा मृतदेह सापडला होता. तीही स्पर्धा परीक्षेतलीच, नुकतीच उत्तीर्ण झालेली. लग्नाला नकार मिळाल्याच्या रागातून ओळखीच्या तरुणानंच तिचा जीव घेतला, असं तपासात पुढे आलं. तिच्या आसपास त्या वेळी कोणी नव्हतं.

पेठेतल्या मुलांचे सत्कार झाले, ते व्हायलाच हवे होते. पण ‘बाकीचे षंढासारखे बघत राहिले’ असं म्हणून आपण विषय मिटवतो, ते मला पटत नाही. माणसं का थांबतात, याचा अभ्यास गेली पन्नासहून अधिक वर्षं चालू आहे, आणि त्यातून निघालेलं उत्तर भित्रेपणापेक्षा बरंच वेगळं आहे.

१९६८ साली बिब लाताने आणि जॉन डार्ली या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्याला एका खोलीत फॉर्म भरायला बसवायचं आणि भिंतीतल्या झरोक्यातून हळूहळू धूर आत सोडायचा. एकटे बसलेले २४ जण होते, त्यांतल्या १८ जणांनी उठून बाहेर कळवलं. मग दहा जणांच्या बाबतीत खोलीत आणखी दोघं बसवले, संशोधकांनीच पढवून ठेवलेले. धुराकडे एकदा बघायचं, खांदे उडवायचे आणि पुन्हा लिहायला लागायचं, एवढंच त्यांचं काम. या दहांपैकी फक्त एक जण उठला. बाकीचे खोकत होते, डोळे चोळत होते, हातानं धूर बाजूला सारत होते, पण फॉर्म भरणं काही थांबलं नाही. नंतर विचारलं, तर कोणी म्हणालं वाफ असेल, कोणी म्हणालं वातानुकूलन यंत्राचा काही बिघाड असेल. ‘बाकीचे गप्प होते म्हणून मी गप्प बसलो’ हे काही त्यांच्या तोंडून आलं नाही. शेजाऱ्याचा शांत चेहरा पाहून त्यांनी ‘काही विशेष नाही’ असा अर्थ काढला होता, आणि शेजाऱ्यानं त्यांच्याकडे पाहून तोच काढला असता.

यावरून गर्दी म्हणजे निष्क्रियता असा समज पक्का झाला. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानं त्याला मोठी दुरुस्ती सुचवली. ॲम्स्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाऊन या तीन शहरांतल्या रस्त्यांवरच्या २१९ भांडणांचं सीसीटीव्ही चित्रण संशोधकांनी तपासलं. दहांतल्या नऊ घटनांत किमान एक तरी बघ्या मध्ये पडलेला दिसला, आणि माणसं जितकी जास्त तितकी कोणीतरी पुढे येण्याची शक्यताही जास्त होती. दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले की मुद्दा उलगडतो. समोर उघड मारामारी असेल, तर माणसं पुढे येतात. जिथं नेमकं काय चाललंय याची खात्री नसते, तिथं ती एकमेकांची तोंडं बघत बसतात.

आणि कॉलेजच्या मुलींना होणारा त्रास बहुतेक वेळा असाच असतो, कोयत्याचा नव्हे, धुराचा. संध्याकाळची स्वारगेट-वेल्हे एसटी डोळ्यांपुढे आणा. गाडी खचाखच भरलेली, चेलाडी फाट्यावर आणखी माणसं चढतात. सीटच्या कडेला उभा असलेला एक जण वळणावर मुलीच्या अंगावर रेलतो, आणि गाडी सरळ रस्त्याला लागली तरी तसाच राहतो. गर्दीमुळे असेल का? तिच्या ओळखीचा असेल का? आपण बोललो आणि उलटंच निघालं तर? मुलगी खिडकीकडे सरकते, दप्तर मध्ये धरते. आठ-दहा जणांना हे दिसतं. त्यातला प्रत्येक जण इतरांकडे बघतो.

भोर-वेल्ह्यात याला आणखी एक पदर आहे. पुण्यात बघ्याला वाटतं, कोण कुठली माणसं, आपल्याला काय करायचंय. इथं अडचण उलटी आहे. तो रेलणारा मार्गासनीतल्या अमक्याचा पोरगा असतो, भावकीतला असतो, आणि ‘कशाला वैर घ्यायचं’ हा विचार जिभेवर येऊन बसतो. मुलगीही घरी सांगत नाही, कारण सांगितलं तर कॉलेज बंद होईल ही भीती खरी असते. गिरिजा बोरकर यांनी दिल्ली विद्यापीठातल्या विद्यार्थिनींवर केलेल्या संशोधनात दिसलं, की येण्याजाण्याचा रस्ता सुरक्षित असावा म्हणून मुली कमी दर्जाचं कॉलेज पत्करतात. गुण असूनही. मुलीला कॉलेज किती लांबचं मिळेल, हे बसमधले सहप्रवासीही ठरवत असतात, हे आपण ध्यानातच घेत नाही.

पण ओळख जशी तोंड बांधते, तशी ती सोडवूही शकते. इंग्लंडमध्ये मार्क लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी मँचेस्टर युनायटेडच्या चाहत्यांसमोर एक धावणारा माणूस पाडून दाखवला. त्याच्या अंगात त्यांच्याच संघाचा शर्ट असताना १३पैकी १२ जणांनी मदत केली, प्रतिस्पर्धी लिव्हरपूलचा असताना १०पैकी तिघांनी. पुढच्या प्रयोगात चाहत्यांना ‘आपण सगळे फुटबॉलप्रेमी’ अशी आठवण आधी करून दिली, तेव्हा लिव्हरपूलच्या शर्टालाही मदत मिळाली. ‘आपलं’ कोण, याची रेघ हलवता येते. एसटीतली मुलगी आपल्या कॉलेजची, आपल्या खोऱ्यातली, आपल्या बचत गटातल्या बाईची लेक आहे असं वाटलं, की वाचा फुटते.

आणि फुटलेली ती वाचा आरडाओरड्याचीच असावी असं नाही. हे मी मुद्दाम सांगते आहे. ऑक्टोबर २०११मध्ये मुंबईत अंधेरीला कीनन सांतोस आणि रूबेन फर्नांडिस या दोघांनी मैत्रिणींची छेड काढणाऱ्याला हटकलं. तो टोळकं घेऊन परत आला आणि दोघांचाही जीव गेला. धाडस मोठंच, पण प्रत्येकाकडून त्याची मागणी करणं क्रूर आहे. जगभरच्या प्रशिक्षणांत म्हणूनच आडवळणाचे उपाय आधी शिकवतात. मागच्या सीटवरच्या मावशींनी नुसतं म्हणावं, “ए पोरी, ये की इकडं, माझ्याजवळ बस.” रेलणाऱ्याशी भांडण नाही, आरोप नाही, पण धूर आहे हे एकानं मोठ्यानं सांगितलं. मग कंडक्टरही “ओ, पुढं सरका” म्हणतात, आणि ज्याला आतापर्यंत खात्री नव्हती त्याला ती येते. उतरल्यावर “काय झालं ते मी बघितलंय, सांगायला येईन” एवढं तिच्या कानावर घालणंही मदतच. फोनवर चित्रण केलं असेल, तर ते तिच्या हवाली करावं. गावच्या ग्रुपवर टाकून तिचाच तमाशा करू नये. प्रकरण हाताबाहेर जातंय असं दिसलं, तर ११२.

हे शिकवून येतं का? अमेरिकेत केंटकी राज्यातल्या २६ शाळांत पाच वर्षं हे तपासलं गेलं. नुसत्या भाषणांनी फारसं काही हललं नाही. मुलांमध्ये ज्यांचा शब्द चालतो अशांना निवडून सराव दिल्यावर, तिसऱ्या-चौथ्या वर्षी लैंगिक हिंसेचं प्रमाण उतरलेलं दिसलं. मुंबईत ‘परिवर्तन’ या उपक्रमात शालेय क्रिकेटच्या प्रशिक्षकांनी मुलांशी या विषयावर बोलायला सुरुवात केली, आणि मुलींबद्दलच्या त्यांच्या दृष्टिकोनात फरक पडला. कोचिंगवाल्या सरांचं मुलं ऐकतात, हे आपल्याला अभ्यासाशिवायही ठाऊक होतं.

माझ्या मते खरी जागा मुलांच्या कट्ट्यावरच आहे. कोणी एखाद्या मुलीच्या मागावर असतो, तिचा नंबर मिळवतो, नकारानंतरही स्टँडवर उभा राहतो, तेव्हा ते सगळ्यात आधी त्याच्या मित्रांना कळतं. बरेचदा गाडी त्यांचीच असते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८नुसार असा पाठलाग गुन्हा आहे, पण मित्रानं “नाही म्हणाली ना ती? मग सोड आता, चल” म्हणायला कलम लागत नाही. तो टप्पा टळला की पुढे कोयता धरायला कोणी लागत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५च्या नियमांनुसार प्रत्येक कॉलेजात तक्रार समिती हवी आणि विद्यार्थ्यांमध्ये जागृतीही व्हायला हवी. त्यासाठी नवं काही उभारायला नको. राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर गावोगाव भरतंच. त्यातली एक दुपार भोरच्या आणि विंझरच्या मुलामुलींनी खुर्च्यांची एसटी मांडून घालवावी. एकानं कंडक्टर व्हावं, एकीनं मावशी, एकानं त्या रेलणाऱ्याचा मित्र. पहिलं वाक्य कोण बोलणार, ते प्रत्येकानं आळीपाळीनं बोलून बघावं. पहिल्यांदा आवाज फुटत नाही, हसू येतं. तिसऱ्या खेपेला येत नाही. शिबिराला एखाद्या खऱ्या कंडक्टरांना बोलवता आलं, तर फारच उत्तम.