वॉलपेपर निघाला, आता भिंतीचं काय?

दहा-बारा वर्षांपूर्वी टीव्हीमागच्या भिंतीला फुलाफुलांचा वॉलपेपर लावायची हौस घरोघरी आली होती. आता ते कागद कोपऱ्यातून सुटायला लागलेत आणि पुन्हा साधा रंगच बरा, असं वाटू लागलंय. यंदा साताऱ्यात आमच्याकडे आणि सांगलीला नणंदेकडे, दोन्हीकडचे कागद निघाले. काम एकच, पण उपाय मात्र अगदी उलटे!

आमची भिंत घराच्या आतली, जिन्यालगतची, ओल अजिबात नाही. कोमट पाण्याचा स्पंज फिरवून कागद सोडवला. पेंटर म्हणाला, "ताई, उद्या रंगाचा पहिला हात मारू." मी म्हटलं, थांबा. कागद गेला तरी खळ भिंतीवरच असते. वरून पाण्यातला रंग दिला की ती पुन्हा भिजून फुगते, आणि महिन्याभरात पोपडे! ओला हात भिंतीवरून फिरवून बघा, बुळबुळीत लागलं की खळ आहे समजायचं. पिठाची खळ असेल तर टिंक्चर आयोडीनचा थेंब निळा-काळा होतो. शाळेत बटाट्यावर केलेला प्रयोग आठवतोय ना? तोच! (तयार पाकिटातल्या काही खळींना मात्र हा रंग येत नाही, तिथे आपला हातच खरा.)

दोनदा गरम पाण्याने पुसून भिंत चांगली वाळू दिली. कागदाबरोबर लांबीचे टवके निघाले होते, तिथे लांबी भरून घासून घेतली. मग ऑईल प्रायमरचा एक हात. हाच महत्त्वाचा! वॉटर प्रायमरमधल्या पाण्याने उरलीसुरली खळ पुन्हा ओली होते, ऑईल प्रायमर तिला जागच्या जागी बंद करतो. वास फार येतो, त्यामुळे खिडक्या उघड्या ठेवायच्या आणि लहान मुलांना त्या खोलीत झोपवायचं नाही.

नणंदेने फोनवर हे सगळं लिहून घेतलं. पण तिचं घर सांगलीच्या गावभागात, तेही तळमजल्यावर. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी तिथे 45 फुटांची. पुराची रेघ दिसू नये म्हणून तिने नंतर भिंतीवर प्लॅस्टिकचा थर असलेला कागद लावला. 2021 च्या जुलैत पाणी पुन्हा आलं. आता कागद काढला तर मागे काळी बुरशी आणि पांढरा लोणा!

अशा भिंतीला ऑईल प्रायमर मुळीच नको. विटांत मुरलेलं पाणी क्षार घेऊन बाहेर येतं. पाणी वाळतं, क्षार पृष्ठभागावर साठतात आणि रंगाला आतून ढकलतात. वरून तोंड बंद केलं की ओल आतच कोंडते आणि फोड येतात. म्हणून तिला लोणा कोरड्या ब्रशने झाडायला सांगितला. पाण्याने धुतला तर तो विरघळून परत आत मुरतो. बुरशी काढताना नाकाला रुमाल हवाच.

ओल आहे की नाही, हे ओळखायला दुधाच्या पिशवीएवढा प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावून दिवसभर ठेवायचा. आतून घाम धरला तर भिंत अजून ओली आहे. नणंदेने तीनदा लावला, तिन्ही वेळा घाम! घरात साखरपुडा ठरलेला, पेंटर घाई करत होता, सासूबाईंना "पाहुणे काय म्हणतील" याची काळजी. तिने सरळ खालची लांबी खरवडून प्लॅस्टर उघडं केलं आणि त्यावर चुन्याचे दोन हात दिले. चुन्यातून ओल बाहेर पडत राहते. साखरपुडा त्याच पांढऱ्या भिंतीपुढे झाला, मागे झेंडूच्या माळा सोडल्या होत्या. रंगाचं आता मे महिन्यात, प्लॅस्टिकला घाम यायचा थांबला तर.