तार एकच, दुकानं अनेक

झिंजमध्ये नवं बिऱ्हाड मांडलं की सीपीआर कार्ड आणि गॅसचा सिलिंडर यांच्या पाठोपाठ वादाचा विषय येतो तो इंटरनेटचा. शुक्रवारच्या जेवणावळीत कुणी बॅटेल्कोची बाजू घेतो, कुणी झेनची, कुणी एसटीसीची. आम्ही पडलो धंद्याने टेलिकॉमवाले, तेव्हा प्रश्न शेवटी आमच्याकडे येतोच, "खरं सांगा, कुणाची तार चांगली?" उत्तर ऐकून मंडळी हिरमुसतात. घरात येणारी फायबरची तार बहुतेक करून एकाच जाळ्यातली असते, कंपनी कुठलीही घ्या.

मुंबई-ठाण्याहून आलेल्यांना हे पटत नाही. तिथे गच्चीवरून चार केबलवाल्यांच्या चार तारा लोंबताना पाहिलेल्या असतात. बहरीनने वेगळा रस्ता धरला. १९८१ साली स्थापन झालेल्या बॅटेल्कोची मक्तेदारी २००२ च्या दूरसंचार कायद्यानंतर टप्प्याटप्प्याने संपली. पुढे २०१६ च्या राष्ट्रीय दूरसंचार आराखड्यात ठरलं की एवढ्याशा बेटावर प्रत्येकाने रस्ते उकरण्यापेक्षा देशभर फायबरचं एकच जाळं असावं. त्यासाठी २०१९ मध्ये बॅटेल्कोतून बीनेट ही कंपनी कायद्याने वेगळी काढली. ती घरगुती गिऱ्हाइकाला काही विकत नाही. परवानाधारक कंपन्यांना घाऊक माल देते, आणि तोही नियामक मंडळाने मंजूर केलेल्या अटींवर. मालकी मात्र जुन्याच समूहाकडे राहिली, त्यामुळे नियामकाची नजर हवीच.

आता एका तारेवर इतकी दुकानं चालतात कशी? अशा जाळ्यात एक्स्चेंजमधून निघालेला एक धागा काचेच्या दुभाजकातून साधारण बत्तीस घरांत वाटला जातो. खाली येणारा प्रकाश सगळ्यांकडे पोचतो. मजकूर कुलूपबंद असतो आणि तुमच्या घरातली डबी फक्त तुमचाच तेवढा उघडते. वर जाताना मात्र सगळे एकदम बोलले तर गोंधळ. ज्यांनी गावाकडे कालव्याची शेजपाळी पाहिली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. चारी एक, शेतं अनेक, आणि कुणाचं दार कधी उघडायचं ते पाटकरी ठरवणार. इथला पाटकरी म्हणजे एक्स्चेंजमधलं यंत्र. ते सेकंदाला आठ हजार वेळा पाळी लावतं, आणि कुणाला ठरलेला पक्का वाटा द्यायचा, कुणाला उरलंसुरलं, हेही तेच बघतं.

राहिला प्रश्न कंपन्या वेगळ्या ठेवण्याचा. त्यासाठी माहितीच्या प्रत्येक पुडक्यावर नंबराची चिठ्ठी लावतात. चिठ्ठीत जागा बारा बिटांची, म्हणजे वापरायला ४०९४ नंबर. देशभरच्या घरांना ते कुठले पुरणार? म्हणून चिठ्ठीवर चिठ्ठी: बाहेरची साधारणपणे कंपनीची, आतली घराची. आपल्या पत्त्यासारखंच हे. आधी ब्लॉक ३३१, मग रस्ता, इमारत आणि फ्लॅट. एक्स्चेंजमध्ये बाहेरची चिठ्ठी वाचून पुडकं त्या त्या कंपनीच्या हवाली होतं. आभासी जाळं म्हणतात ते हेच. एका कंपनीच्या गिऱ्हाइकाला दुसरीचं काही दिसत नाही, आणि उद्या तुम्ही कंपनी बदललीत तर नव्याने खणायची गरज नसते, बहुतांशी नंबरच बदलायचे असतात.

पण चिठ्ठ्यांनी माल वेगळा होतो, तार नव्हे. रात्री जागून अमेरिकेचं काम करणारे, किंवा साताऱ्याच्या घरी एकट्या आईवर कॅमेऱ्यातून लक्ष ठेवणारे काही जण खबरदारी म्हणून दोन कंपन्यांची दोन कनेक्शनं घेतात. रस्त्यावर जेसीबीने फायबर तोडलं की दोन्ही एकदम बंद! पैसे दोघांना आणि अंधारही दोन्हीकडे. अशा वेळी दुसरं कनेक्शन मोबाइलवरचं असलेलं बरं; टॉवरलाही पुष्कळदा फायबरच जोडलेलं असतं, पण निदान तुमच्या दारातली तार तरी वेगळी होते.

मग कंपनी निवडायची कशावरून? तारेच्या पलीकडे काय आहे त्यावरून. देशाबाहेर जाणारी वाट किती रुंद, करार किती महिन्यांचा, फोन कोण उचलतं. बिघाड तारेचा असला तरी तक्रार आपल्याच कंपनीकडे करायची, ती पुढे बीनेटकडे जाते. दोघांत टोलवाटोलवी होऊ लागली तर तक्रारीचा नंबर लेखी मागून घ्यावा.

आमच्या धंद्यात आता याच्या पुढची पायरी आहे. ब्रॉडबँड फोरम या संस्थेने २०१७ मध्ये अशी रचना मांडली की प्रत्येक कंपनीला सामायिक यंत्राचा एक आभासी तुकडा स्वतः चालवता यावा. पाळ्या ठरवणं, बिघाड शोधणं, नवा वेग देणं हे मग तिच्या हातात येतं. आम्हाला हे हवंसं वाटतं. नाहीतर लहान कंपनीकडे विकायला उरतं काय? तोच माल, वेष्टन तेवढं आपलं. मात्र पाटकऱ्याच्या किल्ल्या अनेकांना द्यायच्या तर कुणी किती पाणी घेतलं याची मोजणी चोख लागते, आणि ती ठेवणारा त्यांच्यापैकी कुणाचाच नातलग नसावा लागतो.