हिमालय डावीकडे, ऊन उजवीकडे

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे आपण विमानात मात्र ‘खिडकी मिळाली ना, झालं’ एवढ्यावर समाधान मानतो. मग होतं असं की दार्जिलिंग-सिक्कीमला निघालेलं कुटुंब दिल्लीहून बागडोगऱ्याला जाताना उत्तर प्रदेश-बिहारची शेतं बघत बसतं आणि पलीकडच्या खिडक्यांतले प्रवासी धौलागिरीपासून कांचनजंगापर्यंतचा हिमालय बघून घेतात. तिकिटाचे पैसे दोघांचे सारखेच.

जागा निवडण्याआधी नकाशा उघडावा. हे विमान पूर्वेकडे जातं, म्हणजे उत्तर डाव्या हाताला. एअरबस ए320 मध्ये ‘ए’ ही डावी खिडकी, ‘एफ’ उजवी. तेव्हा जाताना ए आणि परतताना एफ. गुवाहाटीच्या विमानालाही हाच हिशेब. शिखरं मार्गापासून साधारण सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर असतात. 35 हजार फुटांवरून क्षितिजच सुमारे 370 किलोमीटर दूर असल्याने हवा स्वच्छ असेल तर ती सहज दिसतात.

या मार्गाची खरी चैन उन्हाची आहे. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे कललेला असतो. त्यामुळे बर्फाच्या दक्षिण उतारांवर ऊन पडतं आणि तुमच्या खिडकीवर पडत नाही. विमानाच्या खिडक्या ॲक्रिलिकच्या. बारीक ओरखड्यांनी भरलेल्या. समोरून ऊन आलं की ते सगळे चमकतात आणि फोटोचा विचका होतो. तळाशी बारीकसं भोक दिसतं, ते तावदानांमधला दाब सांभाळण्यासाठी असतं. त्याच्याभोवती बर्फाची नक्षी जमते, म्हणून मोबाइल जरा वर धरावा.

बाजू ठरली तरी रांग उरतेच. ए320 मध्ये साधारण नवव्या-दहाव्या रांगेपासून विसाव्यापर्यंत खाली बघितलं की पंखच. त्याच्या मागे बसलात तर इंजिनाच्या गरम हवेमुळे दृश्य थरथरतं. पुढच्या रांगा उत्तम, पण महाग. बोइंग 737 असेल तर आणखी एक गंमत: पंखाच्या थोडं पुढे डावीकडे एका जागी वातानुकूलनाची नळी भिंतीतून जाते, तिथे खिडकीच नसते. पैसे मात्र खिडकीचे घेतलेले असू शकतात! आसनांचा नकाशा बघून घ्यावा. एटीआरसारख्या छोट्या विमानात पंख वर असतो, त्यामुळे खालचं दृश्य बरंच मोकळं मिळतं.

एव्हरेस्ट ओळखायला मात्र डोळे हवेत. दक्षिणेकडून बघताना ल्होत्से-नुप्त्सेची भिंत आड येते आणि तिच्यावरून एव्हरेस्टचं फक्त टोक डोकावतं. वाऱ्याने बर्फ उडून जात असल्याने ते काळपट दिसतं. शेजारचं मकालू जास्त देखणं, म्हणून पुष्कळ जण त्यालाच एव्हरेस्ट समजून फोटो काढतात. कांचनजंगा तिथून आणखी सव्वाशे किलोमीटर पूर्वेला, एकटी आणि अवाढव्य. बागडोगऱ्याला उतरण्याआधी तीच समोर येते आणि माझ्या मते या मार्गावरचं सर्वांत मोठं दृश्य तेच.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पावसाने धुतलेली हवा सर्वांत स्वच्छ असते. आपल्या शाळांच्या सुट्ट्या पडतात नेमक्या एप्रिल-मेमध्ये, तेव्हा खालची मैदानं धुळीने झाकलेली असतात. शिखरं दिसलीच तर त्या धुरकटावर तरंगताना दिसतात.

मुंबई-गोव्यासारख्या मार्गावर एवढा सोपा नियम नाही. विमान समुद्रावरून गेलं तर किनारा डावीकडे, सह्याद्रीच्या बाजूने गेलं तर उजवीकडे. त्याच क्रमांकाचं विमान गेले काही दिवस कुठून गेलं हे फ्लाइटरडार24 वर दिसतं. ते बघूनच ठरवावं.

बागडोगरा हा हवाई दलाचा तळ आहे, तेव्हा उतरताना कॅमेरा आत ठेवा. आणि वेब चेक-इनला खिडकीचे जास्तीचे पैसे मागितले तर या एका मार्गावर खुशाल द्या. फक्त विमान दिवसाचं आहे ना, तेवढं बघा. रात्रीच्या विमानात एक रुपयाही घालवू नका.