यंत्र-लेखनिक आणि लेखकाची मिळकत

सांगणारा एक आणि लिहून घेणारा दुसरा, ही वाटणी आपल्याकडे फार जुनी आहे. व्यासांनी सांगावे आणि गणपतीने लिहून घ्यावे, ही कथा लहान मुलांनाही ठाऊक असते. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० साली, नेवाशास ज्ञानेश्वरांनी गीतेचे जे निरूपण केले ते सच्चिदानंदबाबांनी उतरून घेतले, असे आपण मानतो. तिकडे इंग्लंडात अंध झालेल्या मिल्टनने, १६६७ साली प्रसिद्ध झालेले आपले महाकाव्य दुसऱ्यांच्या हातून लिहविले. परंतु पदरी लेखनिक बाळगणे ही काही सामान्य लेखकाला परवडण्याजोगी गोष्ट नव्हती. आता मात्र तो लेखनिक तुमच्या खिशातल्या फोनमध्येच येऊन बसला आहे. तुम्ही बोलावे आणि त्याने अक्षरे उमटवावीत. तो पगार मागत नाही, कंटाळत नाही, आणि रात्री दोन वाजता हाक मारली तरी उठतो!

तेव्हा प्रश्न एवढाच उरतो, की या लेखनिकामुळे लेखकाच्या पदरात चार पैसे जास्त पडतात काय? आणि पडत असतील तर ते कोणत्या वाटेने?

हा प्रश्न कोणासाठी आहे, तेही सांगून ठेवतो. ज्याला महिन्याचा बांधलेला पगार नाही, जो नियतकालिकांना लेख देतो, भाषांतरे करतो, एखाद्या संस्थेची स्मरणिका किंवा एखाद्या गृहस्थाचे चरित्र लिहून देतो, आणि ज्याला लेखागणिक किंवा शब्दागणिक मोबदला मिळतो, अशा मुक्त लेखकासाठी. त्याचा वेळ हेच त्याचे भांडवल. हात दुखावला की मिळकत थांबली, असा त्याचा रोखठोक संसार असतो.

यंत्राला माणसाचे बोलणे कळावे, ही खटपट आजची नव्हे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने १९५२ साली ‘ऑड्री’ नावाचे यंत्र तयार केले. त्याला इंग्रजीतले फक्त आकडे ओळखता येत. १९६२ साली आय. बी. एम. कंपनीने लोकांपुढे ठेवलेल्या यंत्राची मजल सोळा शब्दांपर्यंत गेली. शब्दाशब्दाला न थांबता सलग बोलावे आणि संगणकाने ते लिहून घ्यावे, अशी सोय ‘ड्रॅगन नॅचरलीस्पीकिंग’ या इंग्रजी प्रणालीने १९९७ साली घरोघरच्या संगणकावर आणली. आणि मराठीपुरते बोलावयाचे तर २०१७ साली गूगलने फोनवर बोलून लिहिण्याची सोय मराठीलाही लागू केली. म्हणजे सोळा शब्दांपासून आपल्या भाषेपर्यंत यावयास पंचावन्न वर्षे लागली.

हे यंत्र ऐकते कसे? खरे म्हणजे ते आपल्यासारखे ऐकतच नाही. ते अंदाज बांधते. तुमच्या आवाजाचे ते अगदी बारीक, सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्याएवढ्या अंतराने तुकडे पाडते. प्रत्येक तुकड्यात कोणते स्वर किती जोराने आहेत ते मोजते, आणि हा ध्वनी कोणत्या अक्षराचा असावा याचा कयास करते. मग पूर्वी अभ्यासलेल्या लाखो वाक्यांच्या आधारे, या शब्दापाठोपाठ कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, हे ताडून पाहते. म्हणून ‘पावसाळ्यात नदीला’ एवढे ऐकल्यावर ‘पूर’ हा शब्द ते चटकन पकडते. पण एखाद्या लहान खेड्याचे नाव आले, की अडखळते. आणि अडखळले तरी जागा रिकामी न सोडता दुसराच एखादा ओळखीचा शब्द तेथे दडपून देते. ही त्याची सवय ध्यानात ठेवा. हाताने लिहिताना होणारी चूक डोळ्यांना खुपते. यंत्राची चूक मात्र शुद्ध शब्दाचे सोंग घेऊन येते.

आता हिशेबाकडे वळू. २०१६ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी इतरांच्या साहाय्याने एक प्रयोग केला. त्यात फोनवर बोटांनी टाइप करण्यापेक्षा बोलून लिहिणे इंग्रजीत सुमारे तिप्पट वेगाचे ठरले. हे ऐकल्याबरोबर कोणालाही वाटेल, की चला, मिळकत तिप्पट झाली! पण थांबा. समजा, हजार शब्दांच्या एका लेखाचे तुम्हाला हजार रुपये मिळतात. (आकडा हिशेबाच्या सोयीचा घेतला आहे.) वाचन आणि विचार यांत दोन तास गेले, टाइप करण्यात दोन तास आणि तपासण्यात एक तास. एकूण पाच तास, म्हणजे तासाला दोनशे रुपये पडले. आता तोच लेख बोलून लिहा. टाइप करण्याच्या दोन तासांची चाळीस मिनिटे झाली. वाचन-विचाराचे दोन तास मात्र तसेच राहिले, कारण यंत्र तुमच्यासाठी विचार करीत नाही. आणि तपासणी एका तासाची दीड तासावर गेली, कारण यंत्राच्या चुका शोधाव्या लागतात. एकूण चार तास दहा मिनिटे. तासाला दोनशे चाळीस रुपये.

म्हणजे वाढ तिपटीची नव्हे, एक पंचमांशाची. ती काही थोडी नाही. महिन्याला असे बारा लेख असतील, तर दहा तास मोकळे होतात आणि त्यांत आणखी दोन लेख सहज बसतात. अर्थात ते दोन लेख मागणारा कोणी असेल तर! वाचलेल्या वेळाचे पैसे आपोआप होत नाहीत. नवे काम मिळविण्यात, किंवा आहे त्याच कामाचा कस वाढविण्यात तो वेळ घातला, तरच त्याचे पैसे होतात.

या बाबतीत दोस्तोव्हस्कीचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. रशियातला हा थोर कादंबरीकार कर्जात बुडाला होता. १८६५ साली स्तेलोव्हस्की नावाच्या प्रकाशकाशी त्याने असा करार केला, की १ नोव्हेंबर १८६६ पर्यंत नवी कादंबरी दिली नाही, तर पुढील नऊ वर्षे त्याचे लेखन हा प्रकाशक एक कवडीही न देता छापू शकेल. ऑक्टोबर उजाडला तरी एक ओळ लिहून झालेली नव्हती. तेव्हा मित्रांच्या सल्ल्याने त्याने अ‍ॅना स्निटकिना ही वीस वर्षांची लघुलेखिका कामावर घेतली आणि ‘जुगारी’ ही कादंबरी सव्वीस दिवसांत पुरी केली. पुढे या दोघांचा विवाहही झाला; पण आपल्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. हे काम पार पडले ते केवळ लघुलेखिकेच्या वेगाने नव्हे. दोस्तोव्हस्की रात्री कच्चा मजकूर तयार करी, दुपारी तो सांगे, अ‍ॅना घरी जाऊन त्याची स्वच्छ प्रत करी, आणि दुसऱ्या दिवशी तो ती दुरुस्त करी. तयारी, सांगणे, दुरुस्ती, ही तिन्ही कामे वेगवेगळ्या वेळी होत.

तुमच्या फोनमधल्या लेखनिकाकडून काम घ्यावयाचे तेही असेच घ्यावे. आधी कागदावर आठदहा मुद्दे टिपून घ्या. मग एका मुद्द्याला एक परिच्छेद या बेताने, पूर्ण वाक्य मनात जुळवून मगच ते उच्चारा. बोलता बोलता पडद्याकडे पाहून चुका सुधारीत बसू नका. त्याने वाक्याचा धागा तुटतो आणि वेळही वाचत नाही. पंखा बंद करा, फोन तोंडापासून वीतभर अंतरावर धरा. रेडिओवर बोलणाऱ्यांना हे शिकवावे लागत नाही. दहा मिनिटांच्या भाषणाला साधारण हजार शब्द लागतात. तुमच्या लेखाचाही ऐवज तेवढाच.

आता मराठीच्या खास अडचणी. आपण ‘तिनं सांगितलं’ असे बोलतो आणि ‘तिने सांगितले’ असे लिहितो. यंत्र बहुधा बोललेले रूपच उतरविते. तेव्हा लेख कोणत्या रूपांत द्यावयाचा हे आधी ठरवून तसेच उच्चारावे, म्हणजे पुढची दुरुस्ती टळते. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब, हा फरक बोलण्यात उरत नाही. तो शेवटी डोळ्यांनीच पाहावा लागतो. पूर्णविराम आणि स्वल्पविराम पुष्कळदा आपल्या हातानेच घालावे लागतात. वऱ्हाडी, मालवणी किंवा अहिराणी वळणाचे संवाद असतील, तर ते सरळ हातानेच लिहावेत. यंत्र प्रमाणभाषेवर पोसलेले आहे. या बोलींचा रस ते शोषून टाकते.

एक धोका शैलीचाही आहे. हेन्री जेम्स या कादंबरीकाराचे मनगट १८९७ च्या सुमारास दुखू लागले, आणि तो टंकलेखकाला मजकूर सांगू लागला. त्याच्या उत्तरकाळातल्या लांबच लांब वाक्यांचे एक कारण टीकाकार याच सवयीत शोधतात. बोलण्याला कष्ट पडत नाहीत, म्हणून शब्द सैल सुटतात. शब्दागणिक पैसे मिळत असले, की हा सैलपणा किफायतीचा वाटू लागतो. पण पाल्हाळ लावणाऱ्याला संपादक पुन्हा काम देत नाहीत. म्हणून हजार शब्द हवे असतील तर बाराशे बोला आणि दोनशे निर्दयपणे कापा.

मिळकतीची खरी नवी वाट मला वेगळ्याच ठिकाणी दिसते. आपल्याकडे कितीतरी जुने लेखक हाताने सुरेख लिहितात; पण आता संपादकांना मजकूर संगणकावरच हवा असतो, आणि टाइप करून घेण्याचे पैसे मानधनातूनच जातात. हा खर्च बोलून लिहिण्याने वाचतो. दुसरे म्हणजे मुलाखती. गावातल्या वृद्ध कारागिरांच्या, शेतकऱ्यांच्या, शिक्षकांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून त्यांची पुस्तिका करून देणे, हे काम पूर्वी उतरवून घेण्याच्या कंटाळ्यापायी कोणी हाती घेत नसे. आता त्याचा कच्चा मसुदा यंत्र करील. मात्र तो मूळ ध्वनिमुद्रणाशी ताडल्याशिवाय पुढे धाडू नका. ‘व्हिस्पर’ नावाची प्रणाली मधल्या शांततेच्या जागी, कोणी न उच्चारलेली वाक्येही लिहून ठेवते, असे २०२४ साली संशोधकांनी दाखवून दिले आहे. न बोललेले वाक्य एखाद्या सज्जनाच्या तोंडी छापले गेले, तर त्याची भरपाई कोणते यंत्र करणार? शिवाय अशा पुष्कळ सोयींत तुमचा आवाज कंपनीच्या दूरच्या संगणकाकडे जातो. कोणी विश्वासाने सांगितलेली गोष्ट असेल, तर त्याला विचारल्याशिवाय ती यंत्रापुढे बोलू नये.

गणपतीने लिहावयास बसताना अट घातली, की सांगणाऱ्याने मध्ये थांबता कामा नये. त्यावर व्यासांनी उलट अट घातली, की अर्थ कळल्याखेरीज एक अक्षरही लिहू नये. आपल्या नव्या लेखनिकाला पहिली अट आवडेल. दुसरी मात्र त्याला पाळता येत नाही. ती तुम्हाला पाळावयाची आहे. वेग त्याचा घ्या, अर्थ तुमचा ठेवा. आणि महिनाअखेर, किती शब्द झाले हे न मोजता, तासाला किती पडले आणि किती संपादकांनी पुन्हा लेख मागितला, हे मोजा. मिळकतीचा खरा हिशेब त्या दोन आकड्यांत आहे.