कंबरेतला करंट नक्की कुठे जातो?

पालथा झोपलेला पेशंट, कंबरेवर चार पॅड, पॅड हलू नयेत म्हणून वर वाळूची पिशवी आणि उशाशी मंद घूं घूं करणारं यंत्र. 'मुंग्या आल्या की सांगा,' एवढं बोलून थेरपिस्ट पुढच्या कॉटकडे वळतात. वीस मिनिटांनी उठताना दुखणं खरोखरच हलकं वाटतं. घरी गेल्यावर पेशंट सांगतो, 'नस दबली होती, करंटनं मोकळी केली.' यातलं अर्धं वाक्य खरं असू शकतं. उरलेलं अर्धं खरं नाही.

कंबरेतून निघून नितंबामागून थेट पायात उतरणारी सायटिक नस ही शरीरातली सगळ्यांत जाड नस. दोन मणक्यांमधल्या गादीचा गर बाहेर सरकला की तिच्या मुळावर दाब येतो. नुसता दाबच नव्हे, त्या गरातली रसायनं मुळाला सूजही आणतात. म्हणून बिघाड कंबरेत आणि चमक पोटरीत, असा प्रकार होतो. गादी सरकून सायटिका होते हे मिक्सटर आणि बार या बोस्टनच्या दोन डॉक्टरांनी 1934 मध्ये ठसठशीतपणे मांडलं. बाहेर आलेला हा तुकडा पुष्कळदा शरीर स्वतःच हळूहळू फस्त करतं आणि बहुतेकांचं दुखणं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतं. या कामात करंटचा काहीही हातभार नसतो. पॅडमधली वीज गादी आत ढकलत नाही की नसेवरचा दाब काढत नाही.

ती काम करते ते वेगळ्याच ठिकाणी. नसेत अनेक प्रकारचे तंतू असतात. स्पर्शाची खबर नेणारे तंतू जाड, वेष्टण असलेले आणि वेगवान, सेकंदाला पस्तीस ते पंचाहत्तर मीटर धावणारे. रेंगाळणारी, जळजळणारी वेदना नेणारे तंतू बारीक, त्यांचा वेग सेकंदाला जेमतेम एक मीटर. बाहेरून वीज दिली तर जाड तंतू कमी करंटलाच जागे होतात. म्हणूनच आधी मुंग्या येतात आणि करंट फारच वाढवला तर दुखतं.

या जाड तंतूंचं महत्त्व रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 1965 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मांडलं. मज्जारज्जूच्या मागच्या भागात वेदनेसाठी जणू एक फाटक आहे आणि स्पर्शाचे संदेश जोरात आले की ते लोटलं जातं, असं त्यांचं म्हणणं. कोपर आपटलं की आपण लगेच चोळतो, त्यामागचं कारण हेच. फाटकाच्या रचनेचे मूळ तपशील पुढे बरेच बदलले, पण वेदना मेंदूकडे जाताना वाटेतच कमीजास्त होऊ शकते, ही कल्पना टिकली.

वॉल कागदावर थांबले नाहीत. विल्यम स्वीट या न्यूरोसर्जनबरोबर त्यांनी आधी स्वतःच्याच चेहऱ्यातल्या नसेला वीज देऊन पाहिली. मग तीव्र, जुनाट वेदना असलेल्या आठ रुग्णांवर प्रयोग केला: सेकंदाला शंभर स्पंदनं, प्रत्येक स्पंदन सेकंदाच्या दहाहजाराव्या भागाएवढं. चौघांना दोन मिनिटांच्या करंटनंतर अर्ध्या तासाहून जास्त वेळ आराम पडला. 1967 मध्ये हे प्रसिद्ध झालं. आज हातात मावणारं 'टेन्स'चं यंत्र ऑनलाइन मागवता येतं, त्यामागचा विचार तिथलाच.

आपल्याकडच्या दवाखान्यांत मात्र 'आयएफटी' हे नाव जास्त कानावर पडतं. त्यात चार पॅडमधून दोन वेगळे प्रवाह सोडतात, समजा एक 4000 हर्ट्झचा आणि दुसरा 4100चा. इतक्या वेगानं दिशा बदलणाऱ्या प्रवाहाला कातडी कमी विरोध करते, त्यामुळे तो फारसा टोचत नाही. दोन्ही जिथे एकमेकांना छेदतात तिथे शंभर हर्ट्झची चढउतार तयार होते. कल्पना सुरेख आहे. यंत्राची किंमत आणि भारदस्तपणा पाहून पेशंटचा विश्वास वाढतो, तो भाग वेगळा.

फाटकाखेरीज दुसरीही एक वाट आहे. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की करंटमुळे शरीरातली अफूसारखी वेदनाशामक द्रव्यं कामाला लागतात. त्यांना अडवणारं औषध दिलं तर आरामही जातो. म्हणजे परिणाम खरा आहे, निव्वळ मनाचे खेळ नाहीत. पण रोज तसाच, तेवढाच करंट दिला तर चारपाच दिवसांत उंदरांना तो लागू पडेनासा होतो. 'दहा सिटिंग'चं पॅकेज घेताना हे लक्षात असलेलं बरं.

माणसांच्या चाचण्यांचा निकाल फारसा उत्साह वाढवणारा नाही. अमेरिकेत रिचर्ड डेयो आणि सहकाऱ्यांनी 1990 मध्ये जुनाट कंबरदुखीच्या 145 रुग्णांवर खरं टेन्स आणि करंटच न देणारं नकली यंत्र यांची तुलना केली. महिन्याभरानं दोन्हींत दखल घेण्याजोगा फरक नव्हता. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेनं 2016 मध्ये कंबरदुखी आणि सायटिकासाठी टेन्सही देऊ नका आणि आयएफटीही, असं स्पष्ट सांगितलं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीच्या नेहमीच्या उपचारांत टेन्स नको, असा सल्ला दिला.

मला यंत्र फेकून द्यावंसं वाटत नाही. वेदनेमुळे वाकायलाच घाबरणाऱ्या माणसाला अर्ध्या तासाची सवलत मिळाली आणि तेवढ्यात त्यानं व्यायाम केला, तर ती वीज कामी आली. पॅड काढून शर्ट घालून तो रिक्षात बसला, तर पैसे गेले. डेयो यांच्याच चाचणीत स्ट्रेचिंगचे व्यायाम करणाऱ्यांना महिन्याभरात फायदा दिसला होता. पुढच्या दोन महिन्यांत बहुतेकांनी व्यायाम सोडला आणि फायदाही गेला. चांगला थेरपिस्ट म्हणूनच यंत्र बंद करून पेशंटला उठवतो, चालवतो, घरी काय करायचं ते करून घेतो. रांगेत आठ पेशंट असले की नेमकं हेच राहून जातं.

पेसमेकर असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे पॅड लावून घेऊ नयेत. गरोदरपणात पोटावर आणि कंबरेवर ते टाळतात. बधिर कातडीवरही नको, कारण करंट जास्त झाल्याचं तिथे कळतच नाही. आणि लघवी अडली, दोन्ही मांड्यांमधला बसण्याचा भाग बधिर झाला किंवा पाऊल उचलता येईनासं झालं, तर पुढच्या सिटिंगची वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. तिथे एमआरआय लागतो, कधी तातडीचं ऑपरेशनही.