विश्लेषण : फ्लॅटमध्ये काय बदलता येते आणि कशाला हात लावू नये?

ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील जुन्या सोसायट्यांमध्ये कुठे ना कुठे काम सुरूच असते. बाल्कनी बेडरूमला जोडली जाते, किचनचा ओटा सरकतो, तळमजल्यावरच्या घरात क्लास किंवा दवाखाना सुरू होतो. घर गरजेनुसार बदलणारच. मात्र २० मे २०२५ रोजी कल्याण पूर्वेतील सप्तशृंगी इमारतीत चौथ्या मजल्यावर फरशीचे काम सुरू असताना स्लॅब थेट खालच्या मजल्यांवर कोसळला. सहा जणांचा मृत्यू झाला. मग बदलाची मर्यादा कुठे असते?

इमारतीत काय टिकते, काय बदलते?

अमेरिकी लेखक स्टुअर्ट ब्रँड यांनी १९९४ च्या ‘हाऊ बिल्डिंग्ज लर्न’ या पुस्तकात इमारतीचे सहा थर सांगितले : जागा, सांगाडा, बाहेरचे आवरण, पाणी-वीज, आतली मांडणी आणि सामान. सामान रोज हलते. पाइप आणि वायरिंग ७ ते १५ वर्षांत बदलावे लागते. सांगाडा मात्र ३० ते ३०० वर्षांचा. तो शाबूत असेल, तरच बाकीचे बदल शक्य होतात.

वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी नवी मुंबईत बेलापूरला १९८० च्या दशकात वाढवता येतील अशी घरे उभारली. तिथे दोन घरांत सामाईक भिंत ठेवली नाही, त्यामुळे एकाच्या बांधकामाचा शेजाऱ्याला त्रास होत नाही. फ्लॅटमध्ये ही सोय नाही. आपली फरशी हेच खालच्याचे छत असते.

भिंत पाडता येते का?

आरसीसी इमारतीत वजन स्लॅबवरून बीमवर, तिथून कॉलमवर आणि पुढे पायात जाते. आतल्या ४ इंची भिंती बहुतेक वेळा नुसता आडोसा असतात. जुन्या लोड बेअरिंग इमारतीत मात्र भिंतीच वजन पेलतात. प्लास्टरवरून हा फरक कळत नाही, नकाशा आणि इंजिनीअर लागतो.

फरशीवर फरशी का नको?

२ इंच मसाला आणि टाइलचे वजन चौरस मीटरला सुमारे १०० किलो. म्हणजे १०० चौरस फुटांच्या खोलीत जवळपास एक टन. निवासी खोलीत माणसे आणि सामानासाठी चौरस मीटरला साधारण २०० किलोच भार धरलेला असतो. त्यातला निम्मा इथेच संपतो. जुनी फरशी ब्रेकरने फोडल्यास गंजलेल्या स्लॅबला हादरे बसतात. पुढे आलेल्या बाल्कनीत मुख्य सळ्या स्लॅबच्या वरच्या बाजूला असतात, त्यामुळे तिथे फोडकाम अधिक धोक्याचे.

नियम काय सांगतो?

इमारतीला ३० वर्षे झाल्यावर महापालिका कायद्यानुसार संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे ऑडिट दर ५ वर्षांनी, त्यापुढे दर ३ वर्षांनी करायचे असते. अहवालात ‘सी-१’ म्हणजे अतिधोकादायक, ‘सी-२ए’ म्हणजे रिकामी करून दुरुस्ती, ‘सी-२बी’ म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती आणि ‘सी-३’ म्हणजे किरकोळ दुरुस्ती.

काम काढण्यापूर्वी काय करावे?

- सोसायटीची लेखी परवानगी घ्या, शेवटचा ऑडिट अहवाल मागा.
- कॉलम, बीम, स्लॅब यांना छिद्र किंवा खाच पाडू देऊ नका.
- फोडकामाआधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला जागा दाखवा. ठेकेदाराचे ‘काही होत नाही’ पुरेसे नाही.
- वरच्या घरात काम सुरू असताना छताला नवी भेग दिसली, तर काम लगेच थांबवायला सांगा आणि महापालिकेला कळवा.